सत्कर्मे दिसावीत की झाकावीत?

तरुण संघाच्या चिटणीस भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आपत्तीत घरे गेलेल्या एका वस्तीत त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुलांनी धान्य आणि कपडे वाटले, फोटो काढले आणि ते सगळीकडे पाठवले. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीच्या एका वडीलधाऱ्यांनी मुलांना थांबवून बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचून दाखवला: दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. मुलांनी लगेच पाचवा अध्याय उघडला: तुमचा उजेड लोकांसमोर असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मे पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. दोन्ही शब्द प्रभू येशूचेच आणि दोन्ही डोंगरावरच्या एकाच प्रवचनातले. मग दिसायचे की लपायचे? सोबत आणखी दोन शंका आहेत. तारण कृपेने होते, कर्मांनी नाही, असे आपण शिकवतो, तर सत्कर्मांचा एवढा आग्रह कशाला? आणि कामावरचा एक मित्र म्हणतो की तुमची सेवा म्हणजे धर्मांतरासाठी टाकलेला गळ आहे. त्याला काय उत्तर द्यावे?

आमच्या मंडळीचा मदत निधी आणि आजाऱ्यांच्या भेटी हे काम मी बरीच वर्षे पाहत आले आहे. हा वाद मी अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी मला एकच सांगावेसे वाटते: दोन्ही वचने अर्ध्यावर सोडू नका, शेवटपर्यंत वाचा. पाचव्या अध्यायात लोक सत्कर्मे पाहतात आणि गौरव पित्याचे होते. सहाव्या अध्यायातले ढोंगी लोक रस्त्यात कर्णा वाजवतात, तो लोकांनी आपले गौरव करावे म्हणून. लोकांची नजर दोन्हीकडे आहे. काम झाल्यावर ती नजर कोणावर जाऊन थांबते, एवढाच काय तो फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. म्हणून तुमच्या वडीलधाऱ्यांचेही खरे आहे आणि मुलांचेही. मुलांनी आपल्या वचनाचा शेवट वाचला नाही आणि वडीलधाऱ्यांनी आपल्या वचनातला हेतू सांगितला नाही.

पाचव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ‘तुम्ही जगाचा प्रकाश आहात’ हे प्रभू कोणाला म्हणतो? त्याच्या आधीच्या वचनांतून ‘धन्य ते’ म्हणून ज्यांना हाक मारली त्यांना: आत्म्याने दीन, शोक करणारे, सौम्य, दयाळू, शांती करणारे, आणि नीतिमत्त्वासाठी छळ सोसणारे. ज्यांची निंदा होते, ज्यांच्याविरुद्ध खोटेनाटे बोलले जाते त्यांना तो सांगतो की तुमचा उजेड पडू द्या. सत्ता हातात असलेल्या, नाव झालेल्या लोकांना आपली दानशूरता दाखवायचा परवाना म्हणून हे वचन दिलेले नाही. त्याच वचनातले डोंगरावरचे नगर दिसावे म्हणून काही करत नाही. लोक तिथे राहतात, रात्री आपापल्या घरात दिवे लावतात, म्हणून ते दिसते.

आता टबीथेकडे या. प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. दिसणाऱ्या सत्कर्मांविषयी मला जे काही समजले आहे त्यातले बरेचसे ह्या एका प्रसंगात आहे. यापो बंदरात राहणारी ही बाई. नव्या करारात जिला ‘शिष्या’ म्हटले आहे अशी ही एकटीच. ती आजारी पडून मरण पावते. प्रभूचा शिष्य पेत्र जवळच लोद गावी असतो, त्याला बोलावणे जाते. तो माडीवरच्या खोलीत येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि टबीथा त्यांच्यात असताना तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात.

हे दृश्य जरा बारकाईने पाहा. टबीथेने स्वतः कोणाला काही दाखवलेले नाही. संपूर्ण अध्यायात तिच्या तोंडचा एक शब्दही नाही. तिचे काम दाखवतात त्या विधवा, ज्यांच्यासाठी ते केले होते, आणि तेही आपणहून. कोणी रांगेत उभे करून सांगितले नाही की आता कपडे वर धरा. शिवाय ह्या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की ती त्यांच्याबरोबर असताना हे कपडे शिवले. ती वाटून निघून जाणारी नव्हती. कोणाच्या अंगाला काय बसेल, कोणाचे काय फाटले आहे, हे तिला माहीत होते, कारण ती त्यांच्यात ऊठबस करत होती. पुढे पेत्राने प्रार्थना करून तिला मेलेल्यांतून उठवले, ते यापोभर कळले आणि पुष्कळांनी प्रभूवर विश्वास ठेवला. म्हणजे सत्कर्मे दिसली, चांगली डोळ्यांत भरली, पण ती दाखवण्याचा हक्क घेणाऱ्यांकडे होता.

आता फोटोंचे बघू. मदत वाटताना मी काय पाहिले आहे ते सांगते. पिशवी देणाऱ्याच्या हातात अर्धी आणि घेणाऱ्या बाईच्या हातात अर्धी. फोटो काढणारा म्हणतो, इकडे बघा. बाईच्या कडेवर मूल आहे. ती मुलाचे तोंड आपल्या खांद्यात वळवते आणि स्वतः खाली बघते. फोटो नीट येत नाही. मग पिशवी तिच्या हातून परत घेतात आणि पुन्हा देतात, ह्या वेळी तिने वर बघावे म्हणून. त्या दोन क्षणांत ती बाई काय शिकली? ह्या लोकांकडून काही घ्यायचे तर आपली गरज जगाला दाखवावी लागते. ख्रिस्ताच्या नावाने तिच्यापर्यंत पोहोचलेली ही पहिली गोष्ट असेल तर ती लाजिरवाणी आहे.

“आम्ही विचारूनच फोटो काढतो” असे मुले म्हणतील. धान्यासाठी रांगेत उभा असलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याचा होकार मोकळ्या मनाचा नसतो, त्यामुळे तो धरू नये. माझे मत ह्याबाबतीत पक्के आहे: घेणाऱ्यांचे चेहरे दिसतील असे फोटो पाठवू नका, पाठवले असतील तर आजच काढून टाका. लहान मुलांचे तर अजिबात नको. देणाऱ्यांचेही शक्यतो नकोच.

मग लोकांना दाखवायचे काय? हिशेब. प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मंडळ्यांमधून वर्गणी गोळा केली तेव्हा ती रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले भाऊ त्याने सोबत घेतले, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारणही स्पष्ट लिहिले: एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेबद्दल कोणी आमच्यावर दोष ठेवू नये; जे योग्य ते आम्ही प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने करू पाहतो. माणसांच्या दृष्टीने! ‘देवाला सगळे माहीत आहे’ असे म्हणून हिशेब न देणाऱ्या प्रत्येक समितीला हे वचन वाचून दाखवावे. किती जमले, काय घेतले, किती घरांत गेले, किती उरले आणि उरलेले कुठे ठेवले आहे, हे कागदावर मांडा आणि कोणीही वाचू शकेल असे लावा. जॉर्ज म्यूलर ह्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 1836 मध्ये अनाथ मुलींसाठी पहिले घर उघडले. पुढे हजारो मुले त्यांच्या छत्राखाली वाढली. देणाऱ्याला पावती मिळे, वर्षाचा हिशेब छापला जाई, पण देणगीदारांची नावे छापली जात नसत. मुलांचे पोट भरणे हा आपला दुसरा हेतू आहे, असे ते उघड सांगत. पहिला हेतू हा की देव आजही प्रार्थना ऐकतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहावे. झाकायचे काय आणि दाखवायचे काय, हे त्यांना बरोबर कळले होते.

दिसण्याचा मोह किती घातक असतो ते पाहायचे तर प्रेषितांच्या कृत्यांमधल्या चौथ्या अध्यायाचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात सलग वाचा. बर्णबाने शेत विकले आणि पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले. सगळ्यांनी पाहिले आणि त्यात काहीच वावगे नव्हते. मग हनन्या आणि सप्पीरा यांनीही मालमत्ता विकली, काही भाग मागे ठेवला आणि उरलेला पूर्ण म्हणून आणून दिला. पेत्र हनन्याला म्हणतो की शेत तुझेच होते, विकल्यावरही पैसे तुझ्याच ताब्यात होते. थोडे दिले असते तरी कोणी बोट ठेवले नसते. त्यांना बर्णबासारखे देणे नको होते, बर्णबासारखे दिसणे हवे होते.

तारणाच्या शंकेला फार वेळ लागत नाही, कारण पौलाने ती एका दमात सोडवली आहे. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, वचने आठ ते दहा. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण. ते कर्मांमुळे नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून. आणि लगेच पुढे, सत्कर्मे करण्यासाठीच आपण ख्रिस्त येशूमध्ये निर्माण केलेले आहोत. आपण आठवे आणि नववे वचन पाठ करतो आणि दहाव्याच्या उंबरठ्यावर थांबतो. याकोब ज्याला निर्जीव विश्वास म्हणतो तो म्हणजे उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणणारा विश्वास. म्हणजे फक्त बोलणारा. पौल आणि याकोब एकमेकांशी भांडत नाहीत. एक सांगतो आपण देवाच्या घरात कसे आलो, दुसरा विचारतो आत आलेला माणूस वागतो कसा.

कामाच्या बाजूने पाहिले तर कृपेची शिकवण ही फार मोठी सोय आहे. ज्याला आपले तारण कमवायचे असते त्याला प्रत्येक भेटीची, प्रत्येक रुपयाची मनात नोंद ठेवावी लागते. समोरचा गरीब त्याच्या हिशेबातली एक रक्कम होऊन बसतो. ज्याला आधीच स्वीकारले आहे त्याला ही नोंद ठेवायची गरज नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात उजवीकडचे लोक राजाला काय विचारतात? प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? परका, उघडा, आजारी, बंदिशाळेत कधी पाहिले? त्यांना आठवतच नाही. डाव्या हाताला न कळण्याचा अर्थ मला तिथे सापडतो. काम लपवण्याची खटपट त्यांनी केलेली दिसत नाही. त्यांनी ते केले आणि पुढच्या कामाला लागले.

आता ज्याविषयी तुम्ही विचारले नाही पण विचारायला हवे होते त्याविषयी. सत्कर्म म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाटपच येते. महिन्यातून एखादा शनिवार. बाकीचे दिवस तुम्ही जिथे नोकरी करता तिथे तुमचा विश्वास दिसतो का? लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला शोभतील अशी फळे द्या म्हणतो, तेव्हा लोक त्याला विचारतात, मग आम्ही काय करावे? तो प्रत्येकाला त्याच्या धंद्यापुरते उत्तर देतो. दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांना म्हणतो, ठरवून दिले आहे त्याहून जास्त वसूल करू नका. शिपायांना म्हणतो, कोणाकडून जुलमाने पैसे काढू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा. जकातदाराला तो नाकाच सोडून दे असे म्हणत नाही. तिथेच बसून बरोबर रक्कम घे म्हणतो. पुढे त्याच शुभवर्तमानात जक्कय भेटतो. प्रभू त्याच्या घरी उतरतो आणि जक्कय उभा राहून आपले अर्धे धन गरिबांना देतो, ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करायला निघतो. यरीहोच्या लोकांना त्याचा विश्वास दिसला तो परत आलेल्या पैशांत.

आमच्या मंडळीतले एक भाऊ एका कारखान्यात खरेदीचे काम पाहतात. माल पुरवणारे लोक सणासुदीला घरी भेटी पाठवत. बाकी सगळे घेत, हे परत करत. सोबत वचनाची चिठ्ठी नाही, भाषण नाही. ‘आभारी आहे, पण मला हे घेता येणार नाही’ एवढेच. प्रवासखर्चाच्या बिलात टॅक्सीचे भाडे खरे झाले तेवढेच लिहीत, त्यामुळे त्यांच्या सोबत गेलेल्यांची पंचाईत होई आणि ते चिडत. तो राग त्यांनी बराच काळ सोसला. पण त्याच विभागातल्या एका माणसाच्या घरी पैशांवरून भावांत भांडण पेटले तेव्हा मध्यस्थीला त्याने ह्यांनाच बोलावले. दोन्ही भाऊ म्हणाले, हा माणूस कोणाची बाजू घेणार नाही. मला हे उदाहरण मोठ्या वाटपापेक्षा मोलाचे वाटते, कारण वाटप करणारा चांगलाच असणार असे लोक धरून चालतात. बिलात कोणी खरे लिहील अशी त्यांची अपेक्षाच नसते, म्हणून ते दिसते.

ह्याच ओघात एक कठोर गोष्ट. याकोबाच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. आपल्या हाताखाली काम करणारे, आपल्या घरी काम करायला येणारे, आपल्याकडून मजुरी घेणारे लोक, ह्यांना आपल्या विश्वासाबद्दल विचारले तर ते काय सांगतील? पगार ठरल्या दिवशी मिळतो का, आजारपणाची सुटी कापली जाते का, चूक झाली तर चारचौघांत अपमान होतो का? ज्यांच्यावर आपली सत्ता चालते त्यांची साक्ष मी आधी ऐकेन. वस्तीतल्या लोकांचे आभार त्यानंतर.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. त्याच्या शंकेवर चिडू नका. मदतीच्या मोबदल्यात विश्वास मागणारे लोक असतात आणि ते प्रभूच्या नावाला काळिमा लावतात, हे आपणच आधी मान्य केले पाहिजे. प्रभूने काय केले ते पाहा. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. प्रभूने ‘बाकीचे नऊ कोठे आहेत?’ असे विचारले, त्याला वाईटही वाटले असेल, पण त्या नऊ जणांचे बरे होणे त्याने परत घेतले नाही. प्रभूच्या दाखल्यातल्या दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाला खाणावळीत नेले, रात्रभर त्याची शुश्रूषा केली, सकाळी दोन दिनार काढून दिले आणि जास्त लागले तर परत आल्यावर देईन म्हणाला. एक दिनार म्हणजे तेव्हाची मजुराची दिवसाची मजुरी. त्या जखमी माणसाला त्याचे नावही कळले की नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

आमच्याकडे ह्याबाबत जे पाळले जाते ते असे. धान्याच्या पिशवीत पत्रिका घालायची नाही. वाटपाआधी प्रार्थनेला बसवायचे नाही. यादी करताना धर्म विचारायचा नाही. जो माणूस खाटेवरून उठून जाऊ शकत नाही त्याच्यासमोर प्रवचन करायचे नाही. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असे एकदा विचारावे, नको म्हटले तर तो विषय तिथेच संपला आणि पुढच्या भेटीत काही फरक पडता कामा नये. पण ह्याचा अर्थ ख्रिस्ताचे नाव झाकून ठेवायचे असाही नाही. कोणी आपणहून विचारले की तुम्ही हे का करता, तर पेत्र सांगतो तसे उत्तर द्यायला तयार असावे, सौम्यतेने आणि आदराने. तेव्हा ‘माणुसकी म्हणून’ एवढेच बोलून सटकणे मला बरे वाटत नाही. खरे कारण प्रभू आहे तर खरे कारण सांगावे, दोन वाक्यांत, आणि मग समोरच्याला बोलू द्यावे.

मित्राला इतिहासही सांगता येईल, आणि तो शत्रूच्या तोंडचा. रोमी सम्राट जुलियन ख्रिस्ती विश्वासाचा कट्टर विरोधक होता. जुनी देवळे आणि पुजारीवर्ग पुन्हा उभा करण्याची त्याची धडपड चालू होती. 362 सालचे त्याच्या नावचे एक पत्र आहे, गलतिया प्रांतातल्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेले. त्यात तो तक्रार करतो की हे नास्तिक गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असे म्हणे) आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना मात्र आपल्याकडून मदत मिळत नाही. त्याआधी शंभरएक वर्षे, रोमी साम्राज्यात मोठी साथ पसरली असताना, आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनीस ह्याने लिहून ठेवले आहे की विश्वासणाऱ्यांनी जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि त्यात कित्येक स्वतः मरण पावले. आणि इसवी सन 200 च्या थोडे आधी तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक सांगतो की मंडळीची एक सामाईक पेटी असे, जो तो महिन्याला इच्छेनुसार त्यात टाकी, आणि ते पैसे गरिबांना पोसण्यासाठी व पुरण्यासाठी, अनाथ मुलांसाठी, घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या दासांसाठी, जहाज फुटलेल्यांसाठी, खाणींत आणि तुरुंगांत टाकलेल्यांसाठी खर्च होत. ह्या यादीतली बहुतेक माणसे अशी आहेत की त्यांच्याकडून परत काही मिळण्यासारखे नव्हते.

आणि पंडिता रमाबाई. त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी (नन्सनी) त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथे आपले काम दाखवायला नेले. ज्या बायांना समाजाने टाकले होते त्यांना तिथे प्रेमाने ठेवून घेतले जात होते, आणि त्यांतल्या काही तर आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करत होत्या. अशा बायांशी कोणी मायेने वागते हे रमाबाईंनी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी कारण विचारले तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची हकिकत वाचून दाखवली. हा क्रम नीट पाहा: आधी काम डोळ्यांनी पाहिले, मग प्रश्न पाहणारीने स्वतः विचारला, आणि मग वचन उघडले गेले. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. फुलहॅममधल्या त्या बायांना आपल्या कामाचे पुढे काय झाले ह्याची कल्पनाही नसावी.

आता शेवटचा भाग, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. तुमच्या संघाने एक मोठे वाटप केले, ठीक आहे. पण दीर्घ आजाराच्या घरी काय होते ते सांगते. पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ असते, फळे येतात, प्रार्थना होतात. तिसऱ्या महिन्यात दाराशी कोणी नसते. एक बहीण आपल्या सासूची काळजी घेत होती. सासू पूर्ण अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, ‘काही लागलं तर सांगा हं.’ ती कधीच काही सांगत नसे, कारण ‘मला दोन तास झोपायचे आहे’ हे पाहुण्याला कसे सांगणार? शेवटी आमच्यातल्या दोघीजणींनी विचारणे बंद केले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या जात, कूस बदलायला शिकल्या, आणि तिला म्हणत, ‘तू आत जाऊन पड.’ त्यांच्याशी गप्पा माराव्या लागत नसत, चहा करावा लागत नसे. ती पहिल्या दिवशी बसल्या बसल्याच झोपली.

इयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे ते बोलू लागले आणि सगळे बिघडले. आजाऱ्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगते.

म्हणून संघाला माझे सांगणे असे आहे. पुढच्या वाटपाची तारीख ठरवण्याआधी त्याच वस्तीत पुन्हा जा, फोन खिशात ठेवून, आणि कोणाला काही मिळाले नाही ते विचारा. असे कोणीतरी सापडेलच. पहिल्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या. तिथे प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. सात जण नेमले, आणि ती सातही नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची गैरसोय होत होती बहुधा त्यांच्यातलेच लोक वाटणीवर बसवले. तुम्हीही वस्तीतले दोघे-तिघे तुमच्या समितीत घ्या आणि यादी त्यांना करू द्या. त्याशिवाय संघातल्या प्रत्येक जोडीने एक घर घ्यावे, म्हातारपणाचे किंवा दीर्घ आजाराचे, आणि ते वर्षभर सोडू नये. वार ठरवा, वेळ ठरवा, जमणार नसेल तर बदली माणूस आधीच कळवा. दोघांनी जावे, एकट्याने नाही. दमायला होते आणि दमलेला माणूस चिडचिडा होतो. प्रभूही सगळे त्याला शोधत असताना पहाटे एकांती प्रार्थनेला निघून गेला होता, तेव्हा सुटी घ्यायला लाजू नका. कोणती घरे घ्यायची ते महिला मंडळाला विचारा. कोण घरात अडकून पडले आहे हे त्यांना पाळकांच्याही आधी ठाऊक असते.